अमावास्येचं ओतकाम

परशराम आप्पांना दोन गोष्टींचा भारी अभिमान होता. एक म्हणजे त्यांच्या फौंड्रीत ओतलेला पंपाचा सांगाडा फुटला म्हणून आजवर कुणी परत आणून टाकला नव्हता. आणि दुसरी म्हणजे त्यांची सही. दहावीला आपटी खाऊन थेट फौंड्रीच्या वाळूत उतरलेल्या या माणसाची सही बघून एखाद्या कलेक्टरानं मान खाली घालावी. सुरुवातीला ‘प’ची कमान, मधे दोन लाटा, आणि शेवटी अशी लांब शेपटी की ती कागदाची कड गाठूनच थांबे.

या सहीला बेळगावच्या उद्यमबागेत आणि कंग्राळीत चांगलीच मागणी होती. विद्यापीठानं अट घातली होती की इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी प्रत्येकानं पंधरा आठवडे कारखान्यात प्रत्यक्ष काम करायचं, रोज काय केलं ते डायरीत लिहायचं, मालकाची सही आणि सर्टिफिकेट घ्यायचं आणि मग तोंडी परीक्षेला बसायचं. अट आली तसे पोरांचे बापही आप्पांकडं येऊ लागले. भावकीतले, गल्लीतले, हिंडलग्याचे पाहुणे. चहा होई. “पोरगं एक दिवस तरी येऊन जाऊ दे की,” असं आप्पा तोंडदेखलं म्हणत. पोरगं एक दिवस येई, फौंड्रीतल्या शामू मिस्त्रीचं हेल्मेट डोक्यावर घालून भट्टीसमोर फोटो काढून घेई आणि जाई. आप्पांच्या मते अट कागदाची होती आणि कागदाला कागद दिला की विषय संपत होता. यात आपण कुणाचं वाईट करतोय असं त्यांना कधी वाटलंच नाही. उलट चार घरांची अडचण भागवल्याचं समाधान होतं.

तीच सही या शुक्रवारी उलटून घरात आली.

आरोही म्हणजे धाकट्या भावाची, जोतिबाची, एकुलती मुलगी. मेकॅनिकलच्या शेवटच्या सेमिस्टरला. शुक्रवारी तिची तोंडी परीक्षा होती आणि बाहेरून परीक्षक म्हणून आले होते राघवेंद्र हुद्दार. सत्तरीचे गृहस्थ. उभा जन्म त्यांनी बेळगावातल्या फौंड्रीवाल्यांना लाकडी पॅटर्न करून देण्यात घातलेला, म्हणजे ज्याच्यावरून वाळूत साचा उठवतात तो नमुना. डायरीची पानं ते सावकाश उलटत होते आणि एका पानावर थांबले. वर पाडव्याच्या आदल्या दिवसाची तारीख होती. खाली लिहिलं होतं की आज दोन वेळा ओतकाम झालं आणि लोखंड ओतताना मी जवळ उभी होते.

“ही मारुती मिस्त्रींची फौंड्री ना? कंग्राळीच्या?”

“हो सर. आमचे आबा. म्हणजे आजोबा.”

“पाडव्याचा आदला दिवस म्हणजे अमावास्या. मारुती मिस्त्रींच्याकडं अमावास्येला भट्टी कधीपासून पेटायला लागली?”

हुद्दारांनी पानं मागं उलटून आणखी एक अमावास्या शोधून काढली. तिथंही ओतकाम जोरात. मग डायरी मिटून ते म्हणाले, “मी अजून काही शेरा मारत नाही. खाली परशरामची सही आहे, तेव्हा त्यालाच विचारू. सोमवारी पाचच्या आत लिहून द्यायला सांग. तो लिहून देईल ते मी खरं धरतो.”

प्रश्न एवढाच होता. आप्पांनी ‘डायरी बरोबर आहे’ असं लिहून दिलं तर आरोही पास, जुलैत पुण्याच्या कंपनीत हजर व्हायला मोकळी. ‘नाही’ असं लिहिलं तर सर्टिफिकेट रद्द, पंधरा आठवडे पहिल्यापासून, परीक्षा थेट दसऱ्याच्या तोंडावर, आणि तोवर पुण्याची नोकरी दुसऱ्या कुणाची तरी झालेली.

रविवारी सकाळी वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये सगळे जमले. खाली आप्पांचं बिऱ्हाड, वर जोतिबाचं, अशी या घराची वाटणी. जोतिबा सरकारी कचेरीत कारकून. बावीस वर्षं मसुदे लिहिण्यात गेलेली, त्यामुळं तो कागद तयार करूनच बसला होता.

“आप्पा, दोन ओळी हायत नुसत्या,” त्यानं चष्मा वर केला. घरात बायको-भावापासून पोरांपर्यंत सगळेच परशरामला आप्पा म्हणत. “‘सदर दोन दिवशी तातडीच्या मागणीमुळं भट्टी चालू ठेवण्यात आली होती. डायरीतील मजकूर बरोबर आहे.’ सही कर. उद्या कॉलेजात देतो आणि तसाच ऑफिसला जातो.”

आप्पांनी कागद घेतला, पण त्यांची नजर कोपऱ्यात मोबाईल चाळत बसलेल्या युवराजवर होती. युवराज त्यांचा मुलगा. दोन वर्षांपूर्वी इंजिनिअर झाला होता आणि आता फौंड्रीच्या ऑफिसात बसत होता. आरोहीची डायरी त्यानंच तयार केली होती. म्हणजे स्वतःची जुनी डायरी घेऊन नुसत्या तारखा बदलल्या होत्या.

“युवराज, तुला अमुशा दिसली न्हाय व्हय रं?”

“मी वार बघितलं, आप्पा. रविवार वगळलं. अमुशाचं ध्यानातच आलं न्हाय.”

“दोन वर्सं फौंड्रीत येतोयस न्हवं तू?”

“येतोय की. पर अमुशाला येतच न्हाय. भट्टी बंद असती, काम काय करायचं म्हणून.”

आप्पांच्या डोक्यात दुसरा प्रश्न आला. “आणि तुझ्या डायरीत? तुझ्याबी डायरीत अमुशाला ओतकाम हुतं?”

“माझी मी मच्छे गावातल्या फौंड्रीत गेलेल्या मित्राची बघून लिवलती. त्येंच्याकडं अमुशाबिमुशा काय पाळत न्हाईत.”

“म्हंजे तूबी...”

“पोराला काय बोलताय?” आप्पांच्या बायकोनं, जयाबाईंनी, आतून येत पदर खोचला. “त्यानं लिवलं, पर सह्या कुणाच्या हायत? एका बैठकीत पंधरा आठवड्यांच्या सह्या केल्यासा तुम्ही. मी चहा घेऊन उभी हुते. एक तरी पान वाचलासा का?”

डायरी इंग्रजीत होती, हे कारण आप्पांच्या जिभेवर आलं होतं, पण ते त्यांनी गिळलं.

जयाबाईंचा जीव वेगळ्याच कारणानं टांगणीला लागला होता. आरोहीच्या कागदाचा धागा कुणी ओढला तर तो युवराजच्या डिग्रीपर्यंत येणार, हे त्यांना बरोबर कळलेलं. एरवी जोतिबाशी त्यांचा पाण्याच्या मोटारीवरूनसुद्धा वाद व्हायचा. आज मात्र त्या जाऊन त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या. “जोतिबा म्हणत्यात त्येच बरोबर हाय. सही करा आणि मोकळं व्हा.”

“एक विचारू?”

हा आवाज रूपालीचा. आरोहीची आई. अनगोळच्या शिक्षकाची मुलगी, या घरात येऊन चोवीस वर्षं झालेली, आणि इतक्या वर्षांत बैठकीत तिनं चहाच्या साखरेपलीकडं काही विचारलेलं कुणाला आठवत नव्हतं. जोतिबानं चमकून बायकोकडं पाहिलं.

“जानेवारीत आरोही काय म्हणाली हुती, ते कुणाच्या ध्यानात हाय का?”

रूपाली उठली, आतल्या खोलीत गेली आणि एक खोका घेऊन आली. झाकण काढलं. आत काळे सेफ्टी बूट होते, पोलादी टोकाचे. तळव्याला धुळीचा कण नाही.

आप्पांना सगळं आठवत होतं. जानेवारीत याच हॉलमध्ये हे बूट हातात घेऊन पोरगी उभी होती. आप्पा, मला सर्टिफिकेट नको, मला खरंच यायचंय, पंधरा आठवडे, म्हणाली होती. आणि आप्पांनी हसून उडवून लावलं होतं. तिथं तीस बाप्ये, उघड्या अंगानं कामं करतात. पोरीबाळीला संडासाची सोय न्हाय. तू घरात बसून अभ्यास कर, कागदाचं मी बघतो. तेव्हा त्यांना आपण किती मोठ्या मनाचे आहोत असंच वाटलं होतं. दुसरी फौंड्री शोधायला पोरगी चार ठिकाणी फिरलीही, पण तोवर सगळीकडच्या जागा भरल्या होत्या, आणि मग जोतिबा म्हणाला की घरचं सर्टिफिकेट असताना हिंडतीस कशाला.

खरी गोष्ट अशी की संडास हे निमित्त होतं. आप्पांना भीती वाटली होती. त्यांच्या उजव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत भाजल्याचा जुना डाग होता आणि ते लोखंड अंगावर उडालं तो क्षण तीस वर्षांनीही त्यांना झोपेतून उठवत असे. त्या हाताच्या जागी आरोहीचा हात त्यांना डोळ्यांसमोर आणवेना. पण भीती वाटते असं म्हणायचं कसं? त्यापेक्षा संडास नाही म्हणणं सोपं होतं.

“ते झालं गेलं,” जोतिबा चिडला. “आता काय त्येचं? बूट दावून परीक्षक पास करणार हाय व्हय?”

“बाबा,” आरोही पहिल्यांदाच बोलली. ती खिडकीच्या कट्ट्यावर बसली होती. दोन रात्री रडून झालं होतं आणि आता चेहरा स्वच्छ होता. “आप्पांनी काय लिवायचं ते आप्पांनी ठरवू देत. मी माझं लिवून देणार हाय. मी फौंड्रीत गेले न्हवते म्हणून.”

“डोकं फिरलंय का तुझं? पुण्याची नोकरी?”

“जाईल.” ती कट्ट्यावरून खाली उतरली. “जाईल म्हणताना वाईट वाटतंय, बाबा. दीडशे पोरांतनं आठ जणं घेतल्यात त्यांनी. मला काय कळत न्हाय व्हय? पर हुद्दार सर आबांचं नाव घिऊन विचारत हुते. त्यांना वाटलं, आबांच्या घरातली हाय, हिला म्हाईत असणार. आणि मला भट्टी कवा पेटती आणि कवा न्हाय, एवढंबी म्हाईत न्हवतं. मला लाज त्येची वाटली. खोटं पकडल्याची न्हवं.”

“शिकशील की हळूहळू!”

“कुठं? पुण्यात? तितं पहिल्याच दिवशी कुणी विचारलं की वाळूत पाणी किती लागतं, तर काय सांगू? सर्टिफिकेट दावू?”

युवराजनं मोबाईल खाली ठेवला. त्याच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं, पण आप्पांनी पाहिलं. वाळूत पाणी किती लागतं हे त्यालाही माहीत नव्हतं.

“आबांना सांगूया एकदा,” आप्पा म्हणाले.

“कशाला?” जोतिबा ताडकन उठला. “अमुशाचा नेम आबांचा. अमुशाला भट्टी पेटवली असं कागदावर लिवायचं म्हटलं तर त्ये आकाशपाताळ एक करतील. सांगायची गरजच काय हाय?”

“म्हणूनच सांगायला पायजे,” आप्पा म्हणाले आणि कागद घेऊन जिना उतरले.

मारुतीराव, म्हणजे आबा, समोरच्या अंगणात सिमेंटच्या बाकावर बसले होते. वय ब्याऐंशी. फौंड्रीत जाणं बंद होऊन सहा वर्षं झाली, पण हाताची सवय सुटली नव्हती. शेजारच्या कुंडीतली मूठभर माती घ्यायची, आवळायची, मूठ उघडून ढेकूळ मोडायचं आणि कड कशी तुटते ते बघायचं. साच्याची वाळू अशीच पारखतात. सुनांनी त्या कुंडीत झाड लावायचा नाद केव्हाच सोडला होता.

“आबा, एक लिवून द्यायचं हाय. अमुशाला भट्टी पेटवली असं.”

“पेटवलीस?”

“न्हाय.”

“मग?”

आप्पांनी सगळं सांगितलं. हुद्दार, डायरी, युवराज, पुण्याची नोकरी. स्वतः एका बैठकीत केलेल्या सह्यासुद्धा सांगितल्या, हे विशेष. आबा मातीचं ढेकूळ मोडत ऐकत राहिले. आप्पा ओरडा खायच्या तयारीनं उभे होते. चोपन्नाव्या वर्षीही बापापुढं त्यांचे हात आपोआप पाठीमागं जात.

“परशा, तुला मी कामावर कवा घेतलं, ध्यान हाय का?”

“दहावीत आपटलो तवा.”

“त्ये न्हवं. दिस कुठला?”

आप्पांना आठवलं आणि ते चपापले. “अमुशा हुती.”

“का घेतलं अमुशाला?”

“अमुशाला... शकुन-बिकुन असंल काय तरी.”

“शकुन कसला मढ्याचा!” आबा खेकसले. “लोकं अमुशाला बैल जुपत न्हाईत. मी म्हटलं, बैलाला सुट्टी असती, मग भट्टीला का नको? तवापासनं अमुशाला भट्टी थंड. वाळू चाळायची, भट्टीचं अस्तर बघायचं. आणि नवा माणूस घ्यायचा तर त्याच दिशी. थंड असताना सगळ्याला हात लावता येतो. गरम असल्यावर भट्टी कुणाला वळख दीत न्हाय. तुला त्या दिशी भट्टीच्या पोटात उतरवलतो मी, डोक्यापतुर.”

“व्हय. लई भ्यालतो.”

“भ्यालतास. पर दुसऱ्या दिशी पेटली तवा आत काय हाय ते तुला ठावं हुतं.” आबांनी माती कुंडीत टाकली आणि हात झटकले. “युवराजला कवा हात लावू दिलास?”

आप्पांनी कुंडीबाहेर सांडलेली माती गोळा करून आत टाकली.

“न्हाय न्हवं? इंजिनिअर हाय म्हणून थेट खुर्चीवर बसवलास. आणि ती पोरगी आपल्या पायानं येतो म्हणाली तर तिला घरात बसवलास.” आबा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते ओरडले नाहीत. “तू मालक हायस. काय लिवायचं ते तू लिव. मला विचारू नको.”

आप्पा वळले. दोन पावलं गेले असतील नसतील, तोच पाठीमागून आबांचा आवाज आला.

“परवा मंगळवारी अमुशा हाय न्हवं रं?”

आप्पा वर आले तेव्हा हॉलमध्ये जोतिबा आणि रूपाली एकमेकांकडं न बघता भांडत होती. आप्पा खुर्चीवर बसले. जोतिबाचा मसुदा त्यांनी चार घड्या घालून खिशात ठेवला, पिशवीतून लेटरहेड काढलं आणि स्वतःच्या हातानं लिहायला लागले. सहीइतकं त्यांचं अक्षर काही देखणं नव्हतं. वेळ लागला. लिहून झाल्यावर त्यांनी ते मोठ्यानं वाचलं.

“‘माझी पुतणी आरोही हिला दिलेले सर्टिफिकेट खरे नाही. ती एक दिवसही फौंड्रीत आली नाही. ती यायला तयार होती, मीच येऊ दिले नाही. डायरीवर मी न वाचता सह्या केल्या. आमच्याकडे अमावास्येला भट्टी पेटत नाही. आता तिला मंगळवारपासून कामावर घेत आहे.’”

जोतिबा उभाच राहिला. “आप्पा, पोरगी माझी हाय. तिच्या नशिबाचा निकाल तुम्ही सगळ्यांनी लावायचा आणि मी बघत बसायचं व्हय?”

“निकाल मी जानेवारीत लावला हुता, जोतिबा. चुकीचा. तवा तू गप हुतास.”

जोतिबा पायात चपला सरकवून निघून गेला. खाली स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला.

“आणि युवराजचं?” जयाबाई खुर्चीवरून उठल्या. “उद्या त्याचं कुणी विचारलं तर?”

“तर त्येचंबी खरं तेच लिवून दीन.” मुलाकडं बघायचं आप्पांना धाडस झालं नाही. त्यांनी सही केली. शेपटी कागदाच्या कडेपर्यंत गेली.

सोमवारी कॉलेजात पत्र घेऊन आप्पा स्वतः गेले. हुद्दारांनी ते दोनदा वाचलं. “मंगळवारपासून पंधरा आठवडे,” ते म्हणाले. “मधे मी येईन. कधी ते सांगणार नाही.” आप्पा दारापर्यंत गेल्यावर त्यांनी परत हाक मारली. “परशराम, मिस्त्रींना माझा नमस्कार सांग.” आप्पांना वाटलं होतं की हा माणूस आपल्याला चार शब्द सुनावणार. सुनावले असते तर ते हलके होऊन घरी आले असते.

संध्याकाळी ऑफिसच्या मागचा संडास उघडला. जुन्या फायली आणि मोडक्या खुर्च्या भरून तो कित्येक वर्षं बंद होता. शामू मिस्त्रीनं तासाभरात सगळं बाहेर काढलं, धुतलं आणि आतून नवी कडी बसवली. जानेवारीत ज्या अडचणीपुढं आप्पांनी हात टेकले होते, ती ही एवढी.

मंगळवारी सकाळी आठला जोतिबाची स्कूटर फौंड्रीच्या गेटाशी थांबली. जोतिबा उतरला नाही. पण आरोही आत गेली तरी तो निघाला नाही. हेल्मेट तसंच डोक्यावर ठेवून गेटाबाहेर बसून राहिला आणि बऱ्याच वेळानं ऑफिसला गेला. आप्पांनी ऑफिसच्या खिडकीतून हे पाहिलं आणि पाहिलंच नाही असं केलं.

भट्टी थंड. पंखे बंद. इतर दिवशी शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं त्या शेडमध्ये आज चिमण्यांचा आवाज येत होता. तीस माणसं नव्या बुटांकडं बघत होती आणि नव्या बुटांतली पोरगी कुणाकडंच न बघता चालत होती. बूट चावत होते हे तिच्या चालण्यावरून सगळ्यांनाच कळत होतं.

“हिकडं ये,” शामू मिस्त्री म्हणाला. केस पिकलेला, आबांच्या हाताखाली तयार झालेला माणूस. आताची भट्टी विजेची, तोंड लहान. माणूस आत मावत नाही, हात मावतो. “घाल हात. खांद्यापतुर. बोटानं अस्तर बघत ये. काय लागलं?”

“काय न्हाय. गुळगुळीत हाय.”

“परत घाल.”

दुसऱ्यांदाही तिला काही लागलं नाही. माणसं आपापसात हसली. लांब उभे असलेले आप्पा पुढं व्हायला निघाले, पण शामूनं त्यांच्याकडं असं काही बघितलं की ते जागीच थांबले. तिसऱ्यांदा आरोहीनं डोळे मिटले आणि हात इतका सावकाश फिरवला की बघणाऱ्यांचे पाय अवघडले.

“हितं,” ती म्हणाली. “केसाएवढी चीर हाय. आडवी.”

“हाय. काल मी बघून ठेवलीया,” शामू म्हणाला. “ही राहिली असती तर उद्या लोखंड भायेर आलं असतं. आता भरायची कशी ते बघ.”

आप्पांचा डावा हात नकळत उजव्या हातावरच्या डागावर गेला. भीती गेली नव्हती. ती जाणारही नव्हती. पण चीर कुठं आहे हे आता त्या पोरीला ठाऊक होतं, आणि या विचारानं त्यांना जानेवारीपासून पहिल्यांदाच बरं वाटलं.

दुपारपर्यंत वाळू चाळायचं काम. टोपली भरायची, चाळणीवर ओतायची, खडे बाजूला. साडेदहाच्या सुमाराला युवराज आला. अमावास्येला फौंड्रीत त्याचं पाऊल पहिल्यांदाच पडत होतं. तो ऑफिसकडं गेला नाही. शर्टाच्या बाह्या दुमडल्या, चाळणीची दुसरी बाजू धरली आणि दोन टोपल्या होता होता तळहाताला फोड आला म्हणून थांबला. कुणी त्याला हसलं नाही. शामूनं पाण्याचा तांब्या पुढं केला, मग वाळूत थोडं पाणी शिंपडून मूठ भरून युवराजच्या हातात दिली, आणि म्हणाला, “आवळ.”

एक वाजता माणसं घरी गेली. आरोही ऑफिसात आली. केसांपासून पापण्यांपर्यंत काळी. तिनं नवी डायरी उघडली आणि पहिलं पान इंग्रजीत लिहून काढलं. मग आप्पांपुढं सरकवली.

“मराठीत लिव,” आप्पा म्हणाले.

“कॉलेजला इंग्रजीत लागतं, आप्पा.”

“कॉलेजला उजव्या पानावर लिव. डाव्या पानावर मला वाचता येईल असं लिव. पंधराच्या पंधरा आठवडे.”

तिनं डाव्या पानावर लिहिलं. आप्पांनी चष्मा लावला, बोट ओळीवर ठेवलं आणि वाचायला सुरुवात केली. ‘आज अमावास्या. भट्टी बंद. भट्टीच्या अस्तराला हात लावून तपासले. चीर तिसऱ्या वेळी सापडली. चीर भरताना पाहिली. वाळू चाळली, सोळा टोपल्या.’

बोट थांबलं.

“सोळा न्हवं.”

“सोळाच झाल्या, आप्पा. शामूकाकांनी मोजल्या.”

“तुझ्या चौदा. दोन युवराजनं चाळल्या.”

आरोहीनं सोळा खोडलं, वर चौदा लिहिलं. उजव्या पानावरही खोडलं, तिथंही दुरुस्त केलं. नव्या डायरीचं पहिलंच पान, त्यावर दोन खाडाखोडी झाल्या.

आप्पांनी परत पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. मग पेनाचं टोपण काढलं.